मोझेल नदीचें खोरें : तेथील द्राक्षमळे व प्रेक्षणीय स्थळें

द्राक्षमळा म्हटला म्हणजे आपल्या इकडील वाचकाच्या डोळ्यांपुढें नाशिक-सांगलीकडील सपाट रानांतील मांडव उभा राहतो. जर्मनीच्या पश्चिम सीमेजवळून वाहणाऱ्या मोझेल नदीच्या कांठीं मात्र द्राक्षाची वेल डोंगराच्या उभ्या अंगावर चढलेली दिसते. आणि ज्या चढावर आपण शेळ्या सोडतांनाही दोनदां विचार करूं, तेथें माणसें पाठीवर हारा बांधून द्राक्षें खुडीत असतात.

माझे जावई लुक्सेंबुर्ग शहरीं नोकरीस आहेत. तेथून ट्रीअर हें मोझेलकांठचें जुनें शहर आगगाडीनें सुमारें तासाभराच्या वाटेवर आहे. गेल्या आश्विनांत मुलीकडे तीन आठवडे राहण्याचा योग आला, तेव्हां ट्रीअरपासून नदीच्या ओघानें खालीं कोब्लेन्ट्सपर्यंतचें खोरें सवडीनें पाहिलें. परत आल्यावर मासिकाच्या संपादकांनीं तिकडील प्रेक्षणीय स्थळांविषयीं लिहिण्याची सूचना केली. नुसतीं किल्ल्यांचीं व देवळांचीं नांवें जुळवून शेतकरी वाचकांचा वेळ घेणें मला प्रशस्त वाटत नाहीं; म्हणून जीं स्थळें पाहून जमीन कसणाराच्या मनांत कांहीं विचार उभा राहील तीं विस्तारानें देतों, बाकीचीं ओझरतीं सांगतों. तेथील बहुतेक सर्व द्राक्षांचें मद्यच होतें हें खरें. मी माळकरी घरांतला आहें. मद्याची शिफारस करण्यास हा लेख लिहिलेला नाहीं. एका कष्टाच्या शेतीची हकीकत म्हणून तो वाचावा.

मोझेल नदी फ्रान्समधील व्होज पर्वतांत उगम पावते आणि सुमारें ५४४ किलोमीटर वाहून कोब्लेन्ट्स येथें ऱ्हाइन नदीस मिळते. ट्रीअरच्या खालीं ती इतकीं वळणें घेते कीं, सकाळीं डाव्या हातास दिसलेला डोंगर दुपारीं नावेंतून उजव्या हातास दिसावा. देश थंड; म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेल्या चढांवर, जेथें ऊन सरळ पडतें, तेथें उत्तम मळे आहेत. जमीन म्हणजे शाळेंतील पाटीच्या दगडाच्या चिपाच चिपा. त्या काळसर चिपा दिवसां तापतात आणि रात्रीं ती ऊब वेलीस देतात. पावसानें खालीं घसरलेली माती व चिपा पूर्वीं माणसें पाठीवर वाहून पुन्हां वर नेत. जुन्या पद्धतीच्या मळ्यांत प्रत्येक वेलीस स्वतंत्र खुंट असतो. दोन काड्या दोहों बाजूंस वांकवून खालीं बांधतात, तेव्हां वेलीचा आकार पिंपळाच्या पानासारखा होतो. मोझेल आणि तिला मिळणाऱ्या झार व रूव्हर या नद्या यांच्या कांठीं मिळून आज सुमारें साडेआठ हजार हेक्टर द्राक्षमळे आहेत. त्यांत निम्म्याहून पुष्कळ अधिक क्षेत्र रीसलिंग या जातीचें आहे.

ट्रीअर शहर रोमन लोकांनीं वसविलें. चौथ्या शतकांत कांहीं काळ रोमन बादशहांचें तें राहण्याचें ठिकाण होतें. शहराच्या उत्तरेकडील वेशीस ‘पोर्टा निग्रा’, म्हणजे काळी वेस, असें म्हणतात. ती इ. स. १७० च्या सुमाराची. तिचे दगड चुन्याशिवाय बसवून लोखंडी अडक्यांनीं जोडलेले आहेत. मध्ययुगांत लोकांनीं हें लोखंड ठिकठिकाणीं उकरून नेलें, त्याचीं भोंकें अद्याप दिसतात. वेस वांचली ती एका साधूमुळें. सिमेऑन नांवाचा ग्रीक तपस्वी तिच्यांत स्वतःस कोंडून घेऊन राहिला व १०३५ सालीं वारला. त्याच्या नांवानें वेशीचेंच देऊळ झालें, म्हणून दगड कोणी नेले नाहींत. पुढें १८०४ सालीं नेपोलियन आला आणि देवळाचे वाढीव भाग काढून वेस मोकळी करण्याचा त्यानें हुकूम दिला. जवळच कॉन्स्टंटाइन बादशहाचा दरबार-महाल आहे. ६७ मीटर लांब, ३३ मीटर उंच, आणि मध्यें एकही खांब नाहीं. हीं स्थळें १९८६ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलीं. त्यांचीं वर्णनें कोणत्याही पुस्तकांत सांपडतील.

माझा पाय अडला तो तेथील सरकारी पुराणवस्तु-संग्रहालयांत. ट्रीअरच्या खालीं नदीकांठीं नॉयमागन नांवाचें गांव आहे. तेथील रोमन तटाच्या पायांत जुन्या कबरींचे कोरीव दगड भरलेले होते. ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उकरून या संग्रहालयांत आणले. त्यांतील मद्याच्या पिंपांनीं भरलेली दगडी नाव सर्वांत प्रसिद्ध आहे. ती इ. स. २२० च्या सुमाराची, एका मद्यव्यापाऱ्याच्या कबरीवरची. वल्हीं मारणारे दाटीनें बसलेले आहेत आणि त्यांतला एक नावाडी चक्क हंसतो आहे. नॉयमागन गांवीं या नावेची दगडी प्रतिकृति आहे, आणि २००७ सालापासून तशीच एक लांकडी नाव प्रवाशांना घेऊन पाण्यावरही फिरते.

लोक या नावेपुढें उभे राहून छायाचित्रें घेतात. त्याच गांवच्या दुसऱ्या एका दगडापुढें मात्र मी एकटाच उभा होतों. त्यावर खंड भरण्याचा प्रसंग कोरला आहे. दाढी वाढलेले शेतकरी, अंगावर डोक्यापर्यंत ओढून घेण्याचीं, आपल्या घोंगडीच्या खोळीसारखीं वस्त्रें. मेजावर नाण्यांची रास. आणि मेजाच्या पलीकडे ती मोजून घेणारे लोक. महसूल खात्यांत पस्तीस वर्षें मीं मेजाच्या त्याच पलीकडल्या बाजूस काढलीं. वसुलीच्या दिवशीं समोर उभा असलेला माणूस पैशाकडे पाहत नाहीं, आपल्या हाताकडे पाहतो, हें मला ठाऊक आहे. हा दगड घडविणारासही तें ठाऊक असावें असें वाटलें. जावईबापू घड्याळ दाखवूं लागले तेव्हां मी तेथून हललों.

असेंच चित्र ट्रीअरच्या जवळ, नदीच्या वरच्या अंगास, ईगेल या खेड्यांत उघड्यावर पाहावयास मिळतें. तेथें सुमारें २३ मीटर उंचीचा दगडी स्तंभ उभा आहे. सेकुंडिनी नांवाच्या कापडाच्या व्यापारी घराण्यानें तो इ. स. २५० च्या सुमारास आपल्या मृतांच्या स्मरणार्थ उभारला. कापडाचे गठ्ठे, गाड्या, स्वयंपाकघर, सारें त्यावर आहे; आणि ससा, मासे अशा भेटी घेऊन धन्याच्या दारीं आलेलीं कुळेंही आहेत. हा स्तंभ टिकला तो गैरसमजानें. कॉन्स्टंटाइनच्या आईबापांच्या विवाहाचें तें स्मारक आहे असें समजून लोकांनीं त्यास हात लावला नाहीं. त्यावर कुळांची वेठ कोरली आहे हें कळतें तर तो उरता कीं नाहीं, कोण जाणे.

नॉयमागनच्या खालीं थोड्या अंतरावर पीस्पोर्ट गांव आहे. १९८५ सालीं तेथें मळ्यांची तुकडेजोड चालली असतां डोंगराच्या पायथ्याशीं चौथ्या शतकांतील एक मोठें द्राक्षघाणें जमिनींतून निघालें. द्राक्षें पायांनीं तुडविण्याचे हौद, रस निथळण्याचे हौद, सर्व जागच्या जागीं आहे. त्याच शतकांत, ३७१ सालाच्या सुमारास, ऑसोनियस या लॅटिन कवीनें मोझेल नदीवर काव्य लिहिलें व त्यांत कांठावरच्या मळ्यांचें वर्णन केलें. तें केवळ कवीचें कौतुक नव्हतें, याची साक्ष हें घाणें देतें. आतां दरवर्षीं शरदांत गांवकरी तेथें जुन्या रीतीनें द्राक्षें तुडवून दाखवितात. ‘तुकडेजोड’ हा शब्द मीं मुद्दाम वापरला. आपल्याकडे तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा १९४७ सालीं झाला, तिकडे पश्चिम जर्मनीचा १९५३ सालीं. आपल्याकडे त्याचें काय झालें हें सभासदांना सांगावयास नको. मोझेलकांठीं मात्र पुष्कळ ठिकाणीं नवे रस्ते, नवीन बांध व एकत्र पट्टे झालेले दिसतात. जुने तट व पायऱ्या त्यांत गेल्या म्हणून हळहळणारेही भेटतात.

तुकडे पडले कसे, याची कथा तेथील इतिहासांतच आहे. ट्रीअरचा मुलूख शेंकडों वर्षें तेथील आर्चबिशपाच्या हाताखालीं होता. धर्मगुरु तोच आणि राजाही तोच. शेवटचा आर्चबिशप क्लेमेन्स व्हेन्त्सेस्लाउस यानें १७८७ सालीं हलक्या जातीच्या वेली काढून चांगल्या लावाव्या असा हुकूम काढला; रीसलिंगचा प्रसार त्यानंतर जोरानें झाला. पुढें फ्रेंच फौजा आल्या. मठांच्या व देवस्थानांच्या जमिनी सरकारजमा होऊन लिलांवांत निघाल्या. सर्व मुलांस सारखा वांटा देण्याची चाल तेथें आधींही होती, ती फ्रेंच कायद्यानें पक्की झाली; तेव्हां प्रत्येक पिढीस मळ्याच्या चिंध्या होत गेल्या. १८१५ सालीं हा मुलूख प्रशियाकडे आला. प्रशियाच्या जकातीमुळें बाहेरचें मद्य महाग पडे, म्हणून मोझेलच्या शेतकऱ्यांनीं कर्ज काढून डोंगरच्या डोंगर लागवडीस आणले. नंतर प्रशियानें शेजारच्या राज्यांशीं करार केले, १८३४ सालीं जर्मन राज्यांचा जकातसंघ झाला, दक्षिणेकडील स्वस्त मद्य मोकळेपणीं येऊं लागलें, आणि भाव कोसळले. त्यांत कांहीं हंगाम बुडाले. सारा मात्र चांगल्या दिवसांच्या मानानें बसलेला.

ट्रीअर येथें ब्र्यूकेन रस्त्यावर कार्ल मार्क्स याचें जन्मघर आहे. तो १८१८ सालीं जन्मला. घरांत आतां संग्रहालय आहे, आणि २०१८ सालीं चीन देशानें भेट दिलेला त्याचा साडेपांच मीटर उंचीचा पुतळा शहरांत उभा आहे. मार्क्सच्या पुढील मतांशीं येथें आपणांस कर्तव्य नाहीं. त्याच्या वडिलांचे लहानसे द्राक्षमळे होते, आणि १८४३ च्या जानेवारींत कोलोन येथील ‘ऱ्हाइनिश त्साइटुंग’ पत्रांत त्यानें मोझेलच्या द्राक्ष-शेतकऱ्यांच्या हलाखीवर लेखमाला लिहिली, एवढेंच आपल्या कामाचें. आर्थिक प्रश्नांकडे आपलें लक्ष प्रथम ज्या प्रकरणांनीं ओढलें त्यांत हें एक होतें, असें त्यानेंच पुढें लिहून ठेवलें आहे. त्या लेखांतील एक हकीकत आपल्यासारख्या शेतकरी-मंडळाच्या सभासदांनीं ऐकण्याजोगी आहे. मोझेल व झारकांठच्या द्राक्षसंवर्धक मंडळीनें १८३९ सालीं सरकारच्या अर्थमंत्र्याकडे निवेदन केलें कीं, मळ्याच्या उत्पन्नांतून खर्चही निघत नाहीं. निवेदन अभिप्रायासाठीं कोणाकडे गेलें? तर ट्रीअरच्या जमीनमोजणी खात्याच्या अधिकाऱ्याकडे. म्हणजे ज्या खात्यानें उत्पन्नाचा अंदाज करून आकार ठरविला, त्याच खात्याकडे! त्यानें मंडळीचे आंकडे खोडून काढले. मार्क्सचें म्हणणें असें कीं, या माणसास लबाड म्हणण्याचें कारण नाहीं. स्वतः तयार केलेल्या दप्तराविरुद्ध निकाल देणें मनुष्यस्वभावासच जड जातें, आणि मग कागदावरची स्थिति खरी व समोरच्या माणसाची स्थिति खोटी ठरते.

हें वाचून मला बरें वाटलें नाहीं. एका दुष्काळी वर्षीं पैसेवारीचा तक्ता माझ्या हातून लिहिला गेला होता. शेजारच्या मंडळाशीं आंकडा जुळावा म्हणून वरून सूचना आली आणि मीं तो जुळविला. एका गांवचे लोक तक्रार घेऊन आले, तेव्हां त्यांना मींच तो तक्ता पुरावा म्हणून दाखविला. यापलीकडे त्याविषयीं लिहीत नाहीं.

प्रशियानें १८६१ सालीं जमीनसाऱ्याचा नवा कायदा केला. त्या आकारणीच्या आधारें क्लोटेन नांवाच्या मोजणी-अधिकाऱ्यानें १८६८ सालीं ट्रीअर जिल्ह्यांतील मोझेल व झारकांठच्या मळ्यांचा नकाशा छापला. निव्वळ उत्पन्नाप्रमाणें मळ्यांच्या प्रती पाडून त्या लाल रंगाच्या फिक्या-गडद छटांनीं दाखविल्या आहेत. गडद तितकी प्रत वरची, आणि अर्थात् सारा अधिक. निव्वळ उत्पन्नावर सारा बसविण्याचा प्रयोग आपल्या दख्खनांत प्रिंगलसाहेबांनीं १८३० च्या सुमारास केला होता. तो फसला व १८३६ पासून गोल्डस्मिड-विंगेट यांनीं इंदापुराकडून निराळी प्रतबंदी सुरू केली, हें आमच्या खात्यांतील जुन्या मंडळींस माहीत असतें. मोझेलच्या नकाशाचें नशीब चांगलें. एका शेतकऱ्याच्या घरीं त्याची नक्कल कांचेंत लावलेली पाहिली. पणजोबांनीं ज्या गडद रंगाबद्दल अर्ज केले असतील, त्याच रंगावर पणतू अभिमानानें बोट ठेवून दाखवीत होता, कारण आतां त्यावर मालाचा भाव ठरतो.

बर्नकास्टेल व कूस हीं नदीच्या दोन तीरांवरचीं गांवें १९०५ सालापासून एक झालीं. बर्नकास्टेलच्या चौकांत लांकडी सांगाड्याचीं उंच, रंगीत घरें आहेत. त्यांतील १४१६ सालचें एक अरुंद घर खालीं निमुळतें व वर रुंद आहे, जणु छत्री. वर लांड्सहुट किल्ल्याचे अवशेष. तो १६९२ सालीं जळाला. गांवास टेकून ‘डॉक्टर’ नांवाचा मळा आहे, सारा सव्वातीन हेक्टरांचा. आजारी आर्चबिशप त्या मळ्याच्या मद्यानें बरा झाला अशी दंतकथा आहे. ती विकणारांच्या फार सोयीची आहे एवढेंच म्हणतों. १९०० सालीं त्यांतील कांहीं भाग वेलीगणिक शंभर सोन्याचे मार्क देऊन विकला गेला असें सांगतात.

परतीरावर कूस येथें मला अधिक समाधान झालें. निकोलाउस कुझानुस हा थोर तत्त्ववेत्ता व कार्डिनल १४०१ सालीं येथल्याच एका नावाड्याच्या घरीं जन्मला. त्यानें आपल्या मिळकतींतून गरीब वृद्धांसाठीं धर्मशाळा बांधविली व १४५८ सालीं तिची सनद केली. ३३ पुरुष, प्रत्येकाचें वय पन्नासांहून अधिक. सहा धर्मगुरु, सहा कुलीन, बाकीचे एकवीस सामान्य लोक. खर्चास जमिनी व द्राक्षमळे लावून दिले. राज्यें गेलीं, लढाया झाल्या, पण ही संस्था चालू आहे. आजही तेथें वृद्ध राहतात आणि तिचे मळेही आहेत. कुझानुसचा ग्रंथसंग्रह तेथें आहे; त्याचा देह रोम येथें पुरला, हृदय मात्र येथील देवळांत आहे. आपल्याकडील देवस्थान इनामांचीं प्रकरणें ज्यानें चाळलीं आहेत, त्यास साडेपांचशें वर्षें एखाद्या जमिनीचें उत्पन्न नेमल्या कामासच लागतें, हें वाचून विश्वास बसणार नाहीं.

याच गांवीं २५ फेब्रुवारी १९२६ रोजीं दुसरा प्रकार घडला. मद्यावर केंद्र सरकारचा कर होता, स्पेनमधून स्वस्त मद्य येत होतें, तळघरें भरलेलीं आणि गिऱ्हाईक नाहीं. भोंवतालच्या खेड्यांतून हजारों द्राक्ष-शेतकरी जमले, कर-कचेरींत शिरले, दप्तरें खिडक्यांतून बाहेर फेंकलीं आणि रस्त्यांत जाळलीं. खटले चालले, पण त्याच वर्षीं तो करही रद्द झाला. १८७५ सालीं सुप्यास सावकारांचे कर्जरोखे जळाले, त्याची मला आठवण झाली. कागद जाळणें मला पटत नाहीं. माझा जन्म ते जपण्यांत गेला. तरी त्या दिवशीं कचेरींतल्या कोणा कारकुनास जळणाऱ्या कागदांवर आपलेंच अक्षर दिसलें असेल काय, हा विचार पुलावर उभा असतां पुष्कळ वेळ मनांत राहिला.

बर्नकास्टेलला आतां आगगाडी जात नाहीं. व्हिटलिश स्टेशनावरून मोटार घ्यावी लागते. खालीं वेलेन येथें मळ्याच्या मधोमध कड्यावर मोठें सूर्यघड्याळ रंगविलेलें आहे. मजुरांना वेळ कळावी म्हणून योडोकुस प्र्यूम या मालकानें तें १८४२ सालीं केलें, आणि आतां मळाच ‘सूर्यघड्याळ’ या नांवानें ओळखला जातो. त्याच्या पुढें २०१९ सालीं खुला झालेला अतिशय उंच पूल खोऱ्यावरून जातो. वरच्या पठारावरील कामानें खालच्या मळ्यांचें पाणी तुटेल अशी शेतकऱ्यांची तक्रार बांधकामाच्या वेळीं फार गाजली. ट्राबेन-ट्रारबाख येथें व्यापाऱ्यांच्या भरभराटीच्या काळांतले वाडे व लांबच लांब तळघरें आहेत. कोखेमचा किल्ला १६८९ सालीं फ्रेंचांनीं उद्ध्वस्त केला व १८६८ पासून बर्लिनच्या एका धनिकानें तो पुन्हां बांधला, दुरून शोभिवंत. खरा जुना पाहावयाचा तर एल्ट्सचा किल्ला पाहावा. तो कधीं पाडला गेला नाहीं, आणि आठशेंहून अधिक वर्षें एकाच घराण्याकडे आहे.

कोखेमच्या अलीकडे ब्रेम गांवाजवळ काल्मोंट नांवाचा डोंगर आहे. युरोपांतील अत्यंत उभ्या चढाचे मळे येथें आहेत. कांहीं ठिकाणीं उतार साठ अंशांहून अधिक. खालीं नदीचें संपूर्ण वळण, आणि पलीकडल्या कांठीं श्टूबेन येथील जोगिणींच्या मठाच्या पडक्या भिंती. दांत्यांच्या एका रुळावरून चालणाऱ्या लहान गाड्या माणसें व माल वर नेतात. बाकी सर्व काम हातांचें. चढावर मजूर मिळत नाहींत, सपाटीवर यंत्रानें थोड्या खर्चांत द्राक्ष निघतें. म्हणून या खोऱ्यांतील मळे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पुष्कळ घटले आहेत. डोंगराकडे पाहिलें असतां हिरव्या रांगांमध्यें करड्या-तपकिरी चौकटी दिसतात. तीं सोडून दिलेलीं शेतें. प्रवासी ज्या देखाव्यासाठीं येतात, त्या देखाव्यास पडलेलीं तीं ठिगळें आहेत. पडीक मळ्यांतील रानटी वेलींवर रोग-कीड वाढते व शेजाऱ्याच्या मळ्यांत उतरते, ही आणखी पीडा.

तेथें सत्तरी उलटलेले एक गृहस्थ काटेरी जाळी तोडीत होते. जावईबापूंच्या मध्यस्थीनें बोलणें झालें. मळा त्यांचा नव्हता. त्यांचा मळा बांधाखालीं, नीट राखलेला. वरचा तुकडा पंधरा वर्षें पडून, पण त्यांतला रोग यांच्या वेलींवर येई, म्हणून दरवर्षीं दोन दिवस ते तो स्वतःच साफ करीत. तुकडा कोणाच्या नांवें आहे, असें मीं संवयीनें विचारलें. कागदावर तीन भावंडांच्या नांवें. एक वारलेलें, एक कोलोनला, एक अमेरिकेंत. पत्रें पाठविलीं, उत्तर आलें नाहीं. हें सांगून त्यांनीं हातमोजे पुन्हां चढविले व ते वरच्या पायरीकडे गेले.